शिबिराच्या दुसऱ्या दिवशी



सप्टेंबर सरत आला की आमच्या गावातील सेवा क्लबचे चिटणीस एक छापील पत्रक घेऊन माझ्या दवाखान्यात येतात. त्यावर ऑक्टोबर महिन्याचे कार्यक्रम ओळीने मांडलेले असतात : रक्तदान, ज्येष्ठांचा मेळावा, नेत्रतपासणी, रक्तदाब व मधुमेह तपासणी, हाडांची तपासणी आणि शेवटी कोजागरी. पत्रक दाराला चिकटवले जाते आणि त्याच संध्याकाळपासून माझे वृद्ध रुग्ण विचारू लागतात, "डॉक्टरबाई, यातल्या कशाकशाला जाऊ?"

मी स्वतः या क्लबची जुनी सभासद आहे. शिबिरात रक्तदाब मोजण्याच्या टेबलावर गेली अनेक वर्षे बसते. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर मी आतून आणि बाहेरून, दोन्ही बाजूंनी देऊ शकते. आपल्या गावात किंवा उपनगरातही असा एखादा क्लब असेलच. म्हणून गेल्या ऑक्टोबरचा आमचा महिना आपल्यापुढे मांडते. त्यात कौतुकाच्या गोष्टी आहेत, तशी माझ्या हातून झालेली एक चूकही आहे. ती सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही.

अशा क्लबांची परंपरा शंभराहून अधिक वर्षांची आहे. 1905 मध्ये शिकागो शहरात पॉल हॅरिस या वकिलाने तीन मित्रांसह पहिला रोटरी क्लब स्थापला. सभासदांच्या कचेऱ्यांमध्ये आळीपाळीने सभा भरत, त्यावरून हे नाव पडले. 1917 मध्ये लायन्स क्लबांची संघटना उभी राहिली. 1925 मध्ये तिच्या अधिवेशनात हेलन केलर यांनी अंधांसाठी काम करण्याचे आवाहन केले आणि तेव्हापासून डोळ्यांचे काम हे त्या क्लबांचे जणू व्रतच झाले. आज गावोगावी नेत्रशिबिरे भरतात, त्यामागे हा इतिहास आहे.

पहिली तारीख : रक्तदान आणि ज्येष्ठांचा दिवस

1 ऑक्टोबर हा आपल्या देशात राष्ट्रीय स्वेच्छा रक्तदान दिन आणि जगभर ज्येष्ठ नागरिकांचा दिवस. आमच्या क्लबने दोन्ही कार्यक्रम एकाच सभागृहात ठेवले होते, आणि त्यामुळे एक अवघड प्रसंग उद्भवला. तरुणपणापासून नेमाने रक्त देणारे, सदुसष्ट वर्षांचे एक गृहस्थ अर्ज भरून रांगेत उभे राहिले. रक्तपेढीच्या तंत्रज्ञाने वय पाहून नम्रपणे नकार दिला. गृहस्थांचा चेहरा उतरला. "म्हणजे आता आम्ही निरुपयोगी झालो," असे ते म्हणाले.

नियम त्यांच्याच रक्षणासाठी आहे, हे मी त्यांना समजावले. रक्तदात्याचे वय 18 ते 65 असावे लागते आणि पहिल्यांदाच रक्त देणाऱ्याचे वय साठीच्या पुढे असून चालत नाही. वजन निदान 45 किलो आणि हिमोग्लोबिन निदान 12.5 असावे लागते. दोन दानांमध्ये पुरुषांना 90 आणि स्त्रियांना 120 दिवसांचे अंतर आवश्यक असते. वयानुसार हृदयाची आणि रक्तवाहिन्यांची लवचीकता कमी होते आणि अचानक कमी झालेले रक्त शरीराला पूर्वीसारखे झेपत नाही.

त्या गृहस्थांना मग सरबत-बिस्किटांच्या टेबलाशी बसवले. पहिल्यांदा रक्त देऊन घाबरलेल्या कॉलेजच्या मुलांशी त्यांनी दिवसभर गप्पा मारल्या. घाईने उठू पाहणाऱ्याला ते दरडावून पुन्हा बसवत होते. त्या दिवशी सभागृहात एकालाही भोवळ आली नाही, याचे निम्मे श्रेय मी त्यांनाच देते.

नेत्रशिबिर : माझी चूक

ऑक्टोबरचा दुसरा गुरुवार हा जागतिक दृष्टी दिन. त्या दिवशी आमचे नेत्रशिबिर असते. त्याविषयी लिहिण्याआधी काही वर्षे मागे जाते.

आमच्या गावातील एक निवृत्त शिक्षक, ज्यांना सारे गुरुजी म्हणतात, दर वर्षी न चुकता या शिबिराला येत. त्यांच्या परवानगीने हे लिहीत आहे. त्या काळी आमची तपासणी म्हणजे अक्षरांचा तक्ता आणि बॅटरीचा उजेड. मोतीबिंदू दिसला तर शस्त्रक्रियेसाठी नाव लिहायचे, नसेल तर चष्म्याचा नंबर द्यायचा. सलग तीन वर्षे गुरुजींना चष्म्याचा नंबर मिळाला. तिसऱ्या वर्षी माझ्या टेबलाशी रक्तदाब मोजून घेताना ते सहज म्हणाले, "हल्ली दाराच्या चौकटीला खांदा लागतो हो बाई, आणि पायरी चुकते." मी त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिले, आधारासाठी काठी वापरा असे सांगितले आणि पुढच्या माणसाचा दंड बांधायला घेतला.

वर्षभराने त्यांच्या मुलाने त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी नेत्रतज्ज्ञांकडे नेले. निदान झाले काचबिंदू. एका डोळ्याची नजर जवळजवळ गेलेली होती, दुसऱ्याची कडेची नजर आकसली होती. चौकटीला खांदा लागत होता तो गुडघ्यांमुळे नव्हे. बाजूची चौकट त्यांना दिसतच नव्हती. ते मला भेटायला आले तेव्हा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "मी दर वर्षी तपासून घेत होतो, बाई." त्या वाक्याला माझ्याजवळ आजही उत्तर नाही.

मोतीबिंदू आणि काचबिंदू यांतला फरक प्रत्येक घराने जाणून घ्यावा. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते. शस्त्रक्रियेने ते बदलता येते आणि नजर बहुधा परत येते. काचबिंदूत डोळ्यामागची, मेंदूकडे प्रतिमा नेणारी नस हळूहळू निकामी होते. बहुतेकांना वेदना नसते, लाली नसते. आधी कडेची नजर जाते आणि मधली शेवटपर्यंत टिकते, म्हणून तक्त्यावरची अक्षरे रुग्ण व्यवस्थित वाचतो. गेलेली नजर कोणत्याही उपचाराने परत येत नाही. उरलेली मात्र नियमित थेंबांनी, कधी लेसरने किंवा शस्त्रक्रियेने, राखता येते. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला हा विकार असेल तर धोका वाढतो. डॉक्टरांना न विचारता स्टेरॉइडचे थेंब दीर्घकाळ घालणाऱ्यांनाही तो होऊ शकतो. या विकाराचा अंदाज घ्यायचा तर डोळ्याचा दाब मोजावा लागतो आणि बाहुली मोठी करून मागची नस पाहावी लागते. दाब सामान्य असूनही काचबिंदू असू शकतो, म्हणून केवळ दाब मोजून भागत नाही.

गुरुजींच्या प्रसंगानंतर मी क्लबच्या सभेत दोन मागण्या केल्या. नेत्रतज्ज्ञ आणि नस पाहण्याची सोय असेल तरच शिबिर घ्यावे आणि शिबिरानंतर प्रत्येक संशयित रुग्णाचा पाठपुरावा व्हावा. पहिल्या मागणीला विरोध झाला. बाहुली मोठी करायला वेळ लागतो, म्हणजे एका दिवसात निम्मीच माणसे तपासून होणार. तत्कालीन अध्यक्षांनी स्पष्टच विचारले, "वार्षिक अहवालात लाभार्थींची संख्या निम्मी दिसली तर वर काय सांगू?" त्यांचे चुकत होते असे मी म्हणणार नाही. क्लबला देणग्या मिळतात त्या अशाच संख्यांवर. अखेर ज्येष्ठ सभासदांनी गुरुजींचे नाव घेतले आणि ठराव संमत झाला.

गेल्या ऑक्टोबरच्या शिबिरात माणसे कमी तपासली गेली, पण प्रत्येकाची नस पाहिली गेली. गुरुजींनी आपल्या धाकट्या बंधूंना आग्रहाने आणले होते. त्यांना कसलीच तक्रार नव्हती, तरी एका डोळ्याच्या नसेत सुरुवातीचा बदल आढळला. पुढच्या तपासण्यांत निदान पक्के झाले. आज ते रात्री एक थेंब घालतात आणि त्यांची नजर शाबूत आहे. काचबिंदूच्या रुग्णाच्या भावंडांना आणि मुलांना तपासायला सांगतात, ते याचसाठी.

अष्टमीचा रविवार : रक्तदाब आणि साखर

चौथ्या रविवारी रक्तदाब व मधुमेह तपासणी होती आणि नेमकी नवरात्रातली अष्टमी होती. ऑक्टोबरचे ऊन, लांबलेली रांग आणि उपवास. रांगेतल्या एका आजींना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि त्या असंबद्ध बोलू लागल्या. सुनेने सांगितले की उपवास आहे, पण साखरेची गोळी मात्र सकाळी नेहमीप्रमाणे दिली. तपासले तर साखर 58. लगेच तीन चमचे साखर अर्धा पेला पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली. आजी सावरल्या आणि मग त्यांना खाऊ घातले.

हे लक्षात ठेवावे : मधुमेहाच्या रुग्णाची साखर 70 च्या खाली जाणे हा तातडीचा प्रसंग आहे. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपवासाआधी आपल्या डॉक्टरांकडून मात्रा बदलून घ्यावी. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, तत्काळ रुग्णालयात न्यावे. सावरल्यानंतरही त्या दिवशी लक्ष ठेवावे, कारण अशा गोळ्यांचा परिणाम बराच काळ टिकतो आणि साखर पुन्हा उतरू शकते.

शिबिरात बोटाला टोचून पाहिलेली साखर ही सूचना असते, निदान नव्हे. मधुमेहाचे निदान प्रयोगशाळेतील तपासणीवर होते : उपाशीपोटी 126 किंवा अधिक, ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांनी 200 किंवा अधिक, अथवा तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी 6.5 टक्के किंवा अधिक. लक्षणे नसतील तर दुसऱ्या तपासणीने ते पक्के करून घेतात.

रक्तदाबाचेही तसेच. उन्हातून आलेल्या, जिना चढलेल्या, नुकताच चहा घेतलेल्या माणसाचा पहिला आकडा खरा धरू नये. पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसावे. दंड हृदयाच्या पातळीवर टेकलेला असावा. शिबिरात 140/90 पेक्षा जास्त आला तर घाबरून जाऊ नये आणि विसरूनही जाऊ नये. वेगवेगळ्या दिवशी पुन्हा मोजून घ्यावा. उठताना चक्कर येत असेल तर उभे राहूनही मोजायला सांगावे. उभे राहिल्यावर वरचा आकडा 20 ने किंवा अधिक उतरत असेल, तर गोळ्यांचा फेरविचार करावा लागतो. रात्री लघवीला उठताना पडणारे कित्येक वृद्ध याच कारणाने पडतात.

हाडांच्या तपासणीबद्दल थोडक्यात. शिबिरात टाचेवर लावतात ते यंत्र प्राथमिक अंदाज देते. ठिसूळपणाचे निदान करण्यासाठी कंबरेची आणि खुब्याची डेक्सा तपासणी लागते. टाचेचा आकडा पाहून त्याच टेबलावर औषधांची पिशवी विकत घेऊ नये.

साहित्य केंद्र : महिनाभर उघडे दार

आमच्या क्लबचे ज्या कामाचे छायाचित्र क्वचितच छापून येते, ते म्हणजे रुग्णोपयोगी साहित्य केंद्र. अल्प अनामत घेऊन वॉकर, काठी, चाकाची खुर्ची, कमोडची खुर्ची, हवेची गादी, पाठ उचलता येणारी खाट असे साहित्य घरी नेता येते आणि गरज संपल्यावर परत करता येते. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन महिने लागणाऱ्या वस्तूंवर कुटुंबाने मोठा खर्च करण्याची गरज उरत नाही.

मात्र वस्तू नेताना ती मापाची आहे का हे पाहावे. ताठ उभे राहून हात मोकळे सोडले असता वॉकरची किंवा काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यावी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. तळाचे रबरी बूच झिजले असेल तर ते बदलल्याखेरीज वस्तू वापरू नये. हवेच्या गादीमुळे रुग्णाची कूस बदलण्याचे काम टळत नाही. सुमारे दर दोन तासांनी ते करावेच लागते. शुश्रूषा करणाऱ्यांची सर्वांत मोठी फसगत इथेच होते.

पाठपुराव्याची वही

आता दुसऱ्या मागणीविषयी. पोलिओच्या मोहिमेत रोटरी क्लबांचा 1985 पासून मोठा वाटा आहे. आपल्या देशात पल्स पोलिओ मोहीम 1995 मध्ये सुरू झाली. रविवारी केंद्रांवर डोस पाजले जात आणि पुढच्या दिवसांत कार्यकर्ते घरोघर फिरून, बालकाच्या करंगळीवरची शाईची खूण पाहून, राहून गेलेली बालके शोधत. 13 जानेवारी 2011 हा भारतातील पोलिओच्या शेवटच्या रुग्णाचा दिवस ठरला आणि 27 मार्च 2014 रोजी आपला प्रदेश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. रविवारच्या रांगेत न आलेल्या मुलांपर्यंत पोहोचल्यावाचून हे घडले नसते.

हाच धडा आम्ही घेतला. शिबिराच्या दुसऱ्या दिवशी एक वही उघडली जाते. ज्यांना पुढील तपासणी सांगितली त्यांची नावे आणि दूरध्वनी क्रमांक त्यात असतात. प्रत्येक सभासद पाच नावे घेतो आणि ती व्यक्ती डॉक्टरांपर्यंत पोहोचेपर्यंत विचारपूस करतो. कोणाजवळ गाडीभाडे नसते, कोणाचा मुलगा परगावी असतो, कोणाला नुसती भीती वाटत असते. अडचण कळली की निम्मा मार्ग सापडतो. सगळी नावे पूर्ण होतात असे नाही. गेल्या वर्षीच्या वहीत काही नावांपुढे अजून रिकामी जागा आहे.

या वहीतले फोन कोण करते, हे सांगायलाच हवे. तरुण सभासदांना कामाच्या वेळेत फोन करणे जमत नव्हते. तेव्हा गुरुजी स्वतःहून पुढे आले. उरलेल्या नजरेला मोठ्या अक्षरांत लिहिलेली यादी वाचता येते आणि त्यांचा आवाज तर साऱ्या तालुक्याला ओळखीचा. "तुझ्या वडिलांना अजून दाखवले नाहीस?" असे त्यांनी जुन्या विद्यार्थ्याला विचारले की तो दुसऱ्याच दिवशी सुट्टी काढतो.

कोजागरीच्या रात्री क्लबच्या गच्चीवर दूध आटत होते. मधुमेहींसाठी बिनसाखरेचे पातेले वेगळे होते. अर्थात दुधातही साखर असतेच, म्हणून पेला लहान. गच्चीच्या जिन्यावर गुरुजी माझ्यापुढे होते. मी हात पुढे केला तर ते म्हणाले, "राहू द्या बाई, पायऱ्या मोजल्या आहेत मी." आणि कठड्याला धरून एकेक पायरी मोठ्याने मोजत वर गेले.

शिबिराला जाताना

1. चालू औषधांची पाकिटे आणि मागील अहवालांची फाइल सोबत न्यावी. "ती पांढरी गोळी" एवढ्यावरून डॉक्टरांना काही कळत नाही.

2. साखर उपाशीपोटी तपासायची आहे का, हे आदल्या दिवशी विचारून घ्यावे. सोबत पाणी आणि थोडे खाणे असावे.

3. नेत्रतपासणीला एकट्याने किंवा स्वतः वाहन चालवत जाऊ नये. थेंबांमुळे काही तास अंधूक दिसते.

4. "डोळ्याचा दाब मोजला का? मागची नस पाहिली का?" हे दोन प्रश्न जरूर विचारावेत. उत्तर नकारार्थी असेल तर ती तपासणी नेत्रतज्ज्ञांकडे वेगळी करून घ्यावी.

5. शरीरात किंवा वागण्यात झालेला लहानसा बदलही सांगावा : चौकटीला लागणे, ताट सांडणे, चालताना एका बाजूला जाणे. डॉक्टरांनी घाईने दुर्लक्ष केले तर पुन्हा सांगावे. हे मी माझ्याच व्यवसायाच्या विरोधात लिहीत आहे, पण विचारपूर्वक लिहीत आहे.

6. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा नजर कमी झाली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवावे.

7. शिबिराचा कागद घरी आल्यावर त्यावर "पुढे काय, कोणाकडे, केव्हा" हे तीन प्रश्न लिहावेत आणि समोर उत्तरे भरावीत. शुश्रूषा करणाऱ्यांनी तो कागद दिनदर्शिकेला टाचून ठेवावा.

तेव्हा "कशाकशाला जाऊ?" या प्रश्नाचे माझे उत्तर असे : जिथे जाल तिथे अवश्य जा, परंतु दुसऱ्या दिवशी काय करायचे ते विचारूनच परत या. आणि आपली प्रकृती बरी असेल, हाताशी थोडा वेळ असेल, तर आपल्या गावच्या क्लबात जाऊन विचारा की अशी वही आहे का. नसेल तर ती सुरू करायला एक पेन, एक दूरध्वनी आणि आपल्यासारखे कोणीतरी पुरेसे आहे.

आपली,
डॉक्टरबाई